रेशमाची मालिश

"अवो, पयले मान धरू का खांदा?" तुळजाबाईनं टिनाच्या छपरीतून ओरडून विचारलं.

आत खाटेवर पडलेला नत्थूजी दचकला. त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. टांग्याचं चाक निखळलं आणि तो रस्त्यावर आपटला, तेव्हापासून त्याच्या घोडीच्या, रेशमाच्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. घोडी आखडली होती. पुढचा एक पाय ती जपून टाकायची.

"राहू दे वं. तुह्यानं नाही होत."

"उद्या खाप्याचा चंद्रभान येऊन राहिला. घोडी लंगडताना पायली तर नेईन काय तो?"

घोडी विकायचं तुळजाबाईनंच ठरवलं होतं. कारणंही होती. हाड जुळायला वेळ लागणार होता, आणि स्टेशनाबाहेर सायकलरिक्षे टांग्यांपेक्षा जास्त दिसू लागले होते. खरं कारण मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. गोळीबार चौकामागच्या विणकरांच्या गल्लीत तेव्हा दिवे लागेपर्यंत मागांची खटखट चालायची. नत्थूजीही विणकराच्याच घरचा, पण त्याचं मन मागावर रमलं नाही. त्यानं टांगा घेतला. तुळजाबाई शेजाऱ्यांच्या मागांसाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायची. दिवसभर वाकून बसल्यावर संध्याकाळी तिची पाठ लाकडासारखी व्हायची. पण बायकोनं नवऱ्याला पाठ दाबून मागायची रीत नव्हती. रीत उलटी होती. म्हणून लग्नानंतर एकदा तिनंच विचारलं होतं, "पाठ दाबून देऊ काय तुमची?"

"माही पाठ दुखतच नाही," तो म्हणाला होता.

दिवसभर टांग्यावर हादरे खाणारा माणूस असं म्हणतो, याचा तिला राग आला होता. तो राग पुढं वाढतच गेला. कारण रोज संध्याकाळी टांगा सोडला की नत्थूजी छपरीत जाई, दाराला कडी लावी, आणि रेशमाच्या अंगावर हात फिरवत बसे. चहा निवून जाई. शेजारची भागीरथा भिंतीवरून विचारी, "काय वं तुळजा, सवतीची सेवा झाली नाही काय अजून?" मग तो बाहेर येई तो हसतमुख, अगदी ताजातवाना. थंडीच्या दिवसांतही त्याच्या सदऱ्याची पाठ ओली असे. घोडीपायी गाळलेला हा घाम तुळजाबाई दुसऱ्या दिवशी नळावर आपटून धुवी.

"जोर नको लावू," नत्थूजी खाटेवरून सांगू लागला. "आयाळ संपते तिथं तळहात ठेव नुसता. तिनं मान खाली सोडली का मंग बोटं चालव. अन् आयक, तिचं तोंड आखूड बांधून घे."

"काहून? चावते काय?"

"बांध म्हणतो ना!"

घोडीपायी आतापर्यंत पुष्कळ ऐकून घेतलं, असं म्हणत तिनं दोर होता तसाच ठेवला.

तिनं तळहात टेकवला. कातडीखाली गुंता झालेल्या सुतासारख्या गाठी लागल्या. अंधारातही तुटलेला धागा शोधणारी तिची बोटं होती. ती आपसूक चालू लागली. रेशमानं मान खाली सोडली, लांब श्वास टाकला, खालचा ओठ लोंबू दिला. गाठी एकेक करून सैल पडत गेल्या.

मग घोडीनं मान वळवली.

आता चावते, म्हणून तुळजाबाईनं डोळे मिटून घेतले. पण दात लागलेच नाहीत. घोडीचा जाड, ऊन ऊन ओठ तिच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध टेकला आणि दाबू लागला. कण्याच्या एका बाजूनं खाली, दुसऱ्या बाजूनं वर. कांड्या भरताना जिथं रोज कळ उठायची, तिथं तो थांबला आणि रगडत राहिला. तुळजाबाईनं हात थांबवला. ओठ थांबला. तिनं पुन्हा बोटं चालवली. ओठही चालू लागला. शेजारी उभे राहिलेले दोन घोडे एकमेकांची पाठ अशी कुरवाळतात, हे तिनं टांगास्टँडवर कितीदा तरी पाहिलं होतं. त्या दोघांतला एक माणूसही असू शकतो, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ती बऱ्याच वेळानं घरात आली. लुगड्याचा पाठीवरचा पदर ओला होता. त्याला चघळलेल्या गवताची हिरवी काडी चिकटली होती. नत्थूजीनं ती पाहिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"पाठ दुखतच नाही म्हने!" ती म्हणाली.

"सांगतलं असतं तं साऱ्या गल्लीत हसू झालं असतं माह्यं," तो भिंतीलाच म्हणाला.

ती हसली नाही. पदराची काडी झटकून चुलीकडे वळली. त्यानं ओळखलं, आता घोडी गेलीच.

सकाळी चंद्रभान आला. त्यानं रेशमाला गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणलं. पाय मोकळा पडत होता. कातडी उन्हात चमकत होती. खूश होऊन त्यानं दोर नत्थूजीच्या हातात दिला.

"नत्थूजी, पसंत आहे आपल्याले. बोला."

नत्थूजीनं डाव्या हातानं घोडीचा दोर पुढं केला. तुळजाबाईनं तो मधेच काढून घेतला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"घोडी नाही द्याची, भाऊ," ती म्हणाली. "पण खाप्याहून एवढ्या दुरून आले, रिकामे काहून जाता?" तिनं नत्थूजीकडे हनुवटीनं खूण केली. "यायले घेऊन जा."