ताई नावाचा बचावपटू

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा. एका भावाबहिणीची गोष्ट सांगतो.

भावाला मोबाईलवर फुटबॉलचा संघ चालवायचं भारी वेड. एकदा गोलकीपर सोडून दहाच्या दहा गडी त्याने पुढे धाडले आणि नऊ गोल खाल्ले. मग मागे बचावाला एकच गडी ठेवला, लाडाने त्याचं नाव ठेवलं ‘ताई’, आणि सामना जिंकला.

आनंदाने त्याने फोन लावला, तेव्हा खरी ताई अंथरुणाला खिळलेल्या बाबांची कूस बदलत होती.

“ताई, तुझ्या नावाच्या गड्याने एकट्याने किल्ला लढवला बघ.”

“हो का? मग सोमवारी बाबांजवळ येऊन बसशील? नोकरीच्या मुलाखतीला बोलावलंय मला.”

“अगं, तूच पुढे गेलीस तर मागे कोण?”


मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ताईलाही आठवा.