फायरवॉलच्या पलीकडून

तपासणी केंद्राच्या सर्व्हरवरून रुग्णाचा स्कॅन हॉस्पिटलला मिळेना, आणि त्यावाचून ऑपरेशन खोळंबलं होतं. केंद्राची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या संगणकांना ठरावीक दारांतूनच, पोर्टमधूनच, आत सोडणारी यंत्रणा सांभाळणाऱ्या बाई फोनवर ठामपणे म्हणाल्या, “आमचं पोर्ट उघडं आहे. घोळ तुमच्याकडेच असणार.” पलीकडून हॉस्पिटलची इंजिनिअर म्हणाली, “मॅडम, आमच्या संगणकाचा पहिला कॉल तुमच्या सर्व्हरपर्यंत पोहोचतोय. पण पुढचं बोलणं तुमचा सर्व्हर दरवेळी नव्याच पोर्टवर करायला सांगतो. तिथेच फायरवॉल अडवते. जरा लॉग बघता का?” बाईंनी नाक मुरडतच फायरवॉलच्या नोंदींचा लॉग उघडला. अडवलेल्या कॉलची रांगच लागली होती. त्यांनी सर्व्हरला एकच पोर्ट नेमून दिलं आणि फायरवॉलमध्ये तेवढंच उघडलं. “आला स्कॅन, मॅडम. डॉक्टर ऑपरेशनला निघाले.” शेजारी बसून स्पीकरवरचं बोलणं ऐकणारे केंद्राचे साहेब गालात हसले. “तुमची चूक काढणारी ही कोण हो?” फोन ठेवताना बाईंची मान अभिमानाने ताठच झाली. “माझी लेक. घरीही मला सोडत नाही.”