सर्वानुमते जपानी

विद्येने माणूस नम्र होतो. दत्तोबा खरात जपानी शिकत होता तो मात्र सर्जेरावांची जिरवायला.

सर्जेराव बिरोबा साखर कारखान्याचे संचालक. जपानच्या अभ्यासदौऱ्याच्या यादीत सभासद म्हणून दत्तोबाचं नाव होतं. ते खोडून सर्जेरावांनी आपल्या मेहुण्याला नेलं. वर भर चौकात म्हणाले, "दत्तोबाला बारामतीत वाट घावंना, जपानात काय करंल? भाषा तरी येती का?" परत आल्यापासून प्रत्येक सत्कारात ते सांगत, की आपण टोकियोत जपानीत भाषण ठोकलं.

दत्तोबाने ट्रान्झिस्टर काढला. जपानच्या रेडिओवर भाषेचे धडे लागत. पत्र टाकलं, तर पुस्तकही फुकट आलं. दोन वर्षं गोठ्यात म्हशीपुढे उजळणी चालली.

"तिच्याशी तरी मराठीत बोला," बायको साखरबाई म्हणाली. "दूध आटाय लागलंय."

"आटू दे. त्याची वाचा आटली पायजे."

सत्त्याण्णवच्या वार्षिक सभेत दत्तोबा उभा राहिला.

"सर्जेराव-सान, निहोन-दे नानि-ओ मिमाश्ता का?" मग सभेकडे वळून म्हणाला, "जपानात काय बघितलं, एवढंच इच्यारलंय. त्यांनी जपानीत सांगावं."

सर्जेरावांच्या कपाळावर घाम फुटला. दत्तोबाने तो डोळे भरून पाहिला.

सर्जेराव पाण्याचा घोट प्यायले. माईकपुढे येऊन कमरेत वाकले. मग खड्या आवाजात म्हणाले, "सुझुकी यामाहा, कावासाकी होंडा. तोशिबा!"

मांडवाने माना डोलावल्या. हे शब्द सगळ्यांच्या ओळखीचे होते. दत्तोबाचे कुणी कधी ऐकले नव्हते.

"आरं, ही गाड्यांची नावं हायती!" दत्तोबा किंचाळला.

"मग गाड्या कुठल्या हायती, गड्या?" मागून कुणीतरी म्हणालं. "जपानच्याच न्हवं?"

वाद मिटवायची सभेत एकच रीत होती. ठराव मांडला गेला: सर्जेरावांची जपानी खरी धरावी. "मंजूर, मंजूर!" मांडव गरजला. अनुमोदन द्यायला दत्तोबाचा सख्खा भाऊ उठला.

त्याचा दोन एकर ऊस उभा होता, आणि कुणाचा ऊस आधी तोडायचा ती यादी सर्जेराव करत.