तीन आकड्यांची जागा

चंद्रावरच्या अणुभट्टीतली गळती बुजवायला कुणी आत जायचं, हे त्या दिवशीही यंत्रानेच ठरवलं. ज्याच्या अंगात किरणोत्सर्ग सर्वांत कमी साठला असेल, त्याचं नाव यादीत पहिलं येई. वसाहतीत कुणालाच यातून सूट नव्हती. नोंदी ठेवणाऱ्या हेमांगी तांडेलने यादी उघडली. पहिलं नाव जनार्दन वायंगणकरांचं होतं आणि त्यांच्यापुढे आकडा होता चार.

अकरा वर्षं भट्टीवर राबलेल्या माणसाचा आकडा चार कसा असेल? तिने यादी बनवणारा, कोबोल या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्रॅम उघडून पाहिला. त्यात आकड्यांना तीनच घरं होती. जनार्दनकाका काल एक हजार चारवर पोचले, तेव्हा यंत्राने डावीकडचा एकचा आकडा मुकाट्याने छाटून टाकला होता.

ती धावतच पोशाखाच्या खोलीत गेली. "काका, यादी चुकली आहे. तुमचे हजार झालेत. आता आत गेलात तर वाचायचे नाही."

"ठाऊक आहे मला," हातमोजे चढवत ते म्हणाले. "माझ्यानंतर कुणाचं नाव आहे?"

हेमांगीची नजर खुंटीवरच्या स्वतःच्या पोशाखाकडे गेली. दुसरं नाव तिचंच होतं. आत जाऊन आलेल्यांचे केस मुठीमुठीने गळताना तिने पाहिले होते.

"बरं," काका म्हणाले. "मग दार लावून घे."

तिने दार लावलं.

गळती पाऊण तासात बुजली. काका नवव्या दिवशी गेले. तोवर हेमांगी त्यांच्या उशाशी बसून होती. त्यांनी तिला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.