मोआलाचा अंदाज

"तुझ्या ज्योतिष्याचं डोकं फिरलंय, लितिया," समुझसाहेब संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवून हसले. "मोआलाला साखर तिप्पट, पीठ चौपट? तिथल्या माशांनाही पंगतीला बसवायचंय काय?"

लितियाही हसली, पण पडद्यावरचे आकडे तिनं पुन्हा वाचले. सुवा बंदरातल्या या गोदामातून बेटांवर जाणाऱ्या मालाचं नियोजन सॉफ्टवेअरवर सोपवायचं, हा हट्ट तिचाच होता. बेटांवरचे दुकानदार मोबाईलवर रोजची विक्री भरत, कोणत्या घराला काय लागेल तेही कळवत. त्यावरून सॉफ्टवेअर पुढचा अंदाज बांधी. आतापर्यंत एकदाही चुकलं नव्हतं. एका बेटावर पिठात अळ्या आणि दुसऱ्या बेटावर पिठासाठी बोटीची वाट, हा जुना तमाशा थांबला होता. पण मोआलाचा माल पडून राहिला, तर साहेब ज्योतिष्याचा गाशा गुंडाळणार, हे नक्की होतं.

"मी बघते एकदा नीट," ती म्हणाली.

मोआला तिचंच बेट. वडिलांना समुद्रानं नेल्यापासून आई, सालोते, तिथे एकटीच राहायची. चहा, तांदूळ, डबाबंद मासे अशी तिच्या घरची पेटी दर महिन्याच्या बोटीनं जाई. लितियानं सहज आईचं नाव उघडलं.

पुढच्या महिन्याला शून्य. त्याच्या पुढच्याला शून्य. खाली बघावं तिथवर शून्यच.

समुझसाहेबांचं हसू मावळलं. साऱ्या गावाला पुरेल एवढं जेवण, आणि एका घराला यापुढे काहीच नको. दोघांच्याही मनात एकच अर्थ आला.

लितियानं आईला फोन लावला; तो उचलला गेला नाही, तेव्हा मोआलाच्या दुकानात लावला.

"बुला, पोरी!" दुकानदार आपेनिसाकाकांचा बेटावरचा हा नमस्कार नेहमीसारखाच खणखणीत. "माल निघाला का? तुझ्या मशीनला म्हणावं, साखरेची दोन पोती वाढव. पाहुणे बोटी भरभरून येतायत."

"काका, आई बरी आहे ना? फोन उचलत नाही."

काका खाकरले.

"घरी बायका जमल्यात ना. रात्रंदिवस चटया विणणं चाललंय. पाद्रीबाबाही येऊन गेले."

"काका, खरं सांगा. काय झालंय?"

"फोनवर अवाक्षर काढायचं नाही, अशी शपथ घातलीय तिनं. तू ये. याच बोटीनं ये."

लितियानं फोन ठेवला. साहेबांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"जा तू," ते हळूच म्हणाले. "आणि माल सगळा जाऊ दे. ज्योतिषी म्हणतोय तेवढाच. दोन पोती वर."

बोटीवर ती पिठाच्या पोत्यांना टेकून बसली. ओळखीचे खलाशी एरवी तिची टर उडवल्याशिवाय राहत नसत. आज जो तो येऊन नारळपाणी देई आणि नजर चुकवून निघून जाई. आपलं सॉफ्टवेअर चुकावं, अशी प्रार्थना तिनं आयुष्यात पहिल्यांदा केली.

मोआलाच्या धक्क्यावर सारा गाव लोटला होता. आपेनिसाकाका काळा कोट घालून सर्वांच्या पुढे उभे होते. एरवी दुकानात बनियनवर बसणारा माणूस!

"आई?" लितियाला एवढंच विचारता आलं.

"घरात आहे. बायका तयार करतायत तिला," ते म्हणाले आणि त्यांनी कोटाची बाही डोळ्यांना लावली.

ती धावत सुटली. अंगणात नव्या चटया अंथरल्या होत्या. दारात म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. उंबऱ्यावरच लितिया मटकन बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

"अगं बाई, आल्या आल्या रडतेस काय?"

तिनं वर पाहिलं. आई समोर उभी होती. खांद्यांवर खोबरेल चमकत होतं, अंगावर कोरं नक्षीदार वस्त्र, गळ्यात ताज्या फुलांचा हार. लितियाच्या मागून आपेनिसाकाका धापा टाकत अंगणात आले, तशी आईनं सोळा वर्षांच्या मुलीसारखी मान खाली घातली.

"फोनवर सांगायचा धीर होईना गं," ती लेकीचे डोळे पुसत म्हणाली. "पण आम्हा दोघांनाही एकेकटं जेवायचा फार कंटाळा आला होता."