गोळ्यांचा नारळ

"सांगून कुणाला पटायचं नाही," म्हणत लेकीच्या, रीनाच्या साखरपुड्यात चारुदत्तकाकांनी जर्मनीतल्या हॅनोव्हरचा अख्खा हॉल भोवती गोळा केला. "घानात आम्ही मलेरियाच्या गोळ्यांचं मशीन बसवलं, पण ते काही केल्या सुरू होईना. जर्मन इंजिनिअर टेकीला आले. शेवटी मी मशीनवरच नारळ फोडला! मग गोळ्या अश्शा बरसल्या, की कारखान्यात तीन दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही!"

होणारा जावई क्वेकू घानाचाच फार्मासिस्ट. पण त्याला मराठी कुठं कळतंय, म्हणून काका निर्धास्त होते.



"अहो बाबा, डोळा लागणार कसा?" क्वेकू स्वच्छ मराठीत म्हणाला. "तीन दिवस आम्ही त्या मशीनमधलं खोबरं वेचत होतो!"