पायाखालची पृथ्वी

चार महिने अंतराळस्थानकात राहून आलेल्या वैजयंताने गावच्या बंद तेलगिरणीत एका यंत्राने जमिनीवर उजेडाची पृथ्वी मांडली होती. निळ्या जमिनीवर पाऊल पडलं की ढग सरकत आणि माणूस पिसासारखा अधांतरी तरंगे. पण गावकरी चपला काढून उंबऱ्यावरच थबकले. कोणी पाऊलच टाकलं नाही, तर तिने वरून पाहिलेलं कुणालाच दिसणार नव्हतं.

"या ना मामी, नुसता उजेड आहे तो."

"उजेड कसला? जित्ती दिसती ती," गोदामामी म्हणाल्या. "तिच्यावर पाय द्यायचा?"

"रोज शेतात चालता की!"

"तिथं ती मोठी अन् आपण मुंग्या. इथं तर पोरीएवढी दिसती. पोरीला कुणी पाय लावतं का, येडे?"

वैजयंताने आपल्या पायांकडे पाहिलं. स्थानकाच्या खिडकीतून पृथ्वी पहिल्यांदा दिसली, तेव्हा तिनेही नकळत पाय पोटाशी घेतले होते. ते ती विसरलीच होती.

तिने तिथेच बसून यंत्राला पावलांऐवजी तळहात ओळखायला शिकवलं.

गोदामामी ओणवल्या. तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा, तसा त्यांनी हात ठेवला. बोटांखालून ढग सरकले आणि मामी अलगद वर उचलल्या गेल्या. मागून लोक कुजबुजू लागले.

"हळू बोला रे," मामी म्हणाल्या, "निजलीय ती."